इलॅस्टिकला टांगलेला पाय

तुमच्या घरात कुणी पलंगाला खिळलेलं असेल आणि त्याच्या उशाशी बसून तुम्ही हे वाचत असाल, तर आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी शिवणकाम करते. नागपुरात हुडकेश्वरला आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझी मशीन, आणि शाळेचे गणवेश, परकर, लहान मुलींचे फ्रॉक हे माझं काम. या आजाराबद्दल मला जे कळलं ते पडून पडून कळलं. तेवढंच लिहिते.

पॅडलवरचा पाय

पावसाळा सरत आला होता. मला जुलाब झाले, थांबले, मी विसरूनही गेले. त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी फ्रॉकच्या घेराला शिलाई मारत होते, तर मशीन एकदम सुसाट पळाली. माझी मशीन मोटरची आहे, पाय दाबाल तशी ती धावते. मी पाय उचलला असं मला वाटत होतं. खाली पाहिलं तर पाय पॅडलवरच. पायात चप्पल आहे की नाही हेसुद्धा न बघता सांगता येईना.

मुंग्या आल्या असतील म्हणून पाय झटकला. दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाले, तेव्हा जिन्यात गुडघा असा दुमडला की जणू त्यात हाडच नव्हतं. बादली गडगडत खाली गेली आणि मी पायरीवर बसून राहिले.

माझे यजमान प्रकाश एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहेत. संध्याकाळी आले तेव्हा मी सोफ्यावर होते.

"काय झालं वं? चेहरा काहून उतरला?"

"पाय ऐकूनच नाही राहिले माझे."

"थकली असशील. दोन दिवस मशीनवर बसू नको."

दोन दिवस थांबायची वेळच आली नाही. दुसऱ्या सकाळी चहाचा कप ओठापर्यंत जाईना. प्रकाशनी मला उचलून रिक्षात बसवलं, आणि मी त्यांच्या खांद्यावर एखाद्या ओल्या चादरीसारखी लोंबत दवाखान्यात गेले.

नाव कळलं तो दिवस

डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं. तोही हलला नाही. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "ताई, एक मोठा श्वास घ्या, आणि एका दमात जमतील तेवढे आकडे मोठ्यानं म्हणा."

मला वाटलं, डोकं ठीक आहे का ते बघतायत. मी शाळेतल्या मुलीसारखी खणखणीत आकडे म्हटले. नंतर कळलं की त्यांना माझा श्वास किती पुरतो ते पाहायचं होतं.

मग वायरी लावून झटके देणारी तपासणी झाली, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. संध्याकाळी डॉक्टर पलंगाशी येऊन बसले. उभे राहून बोलले नाहीत, बसून बोलले, हे मला अजून आठवतं.

"गीयाँ-बारे सिंड्रोम असं नाव आहे. आम्ही जीबीएस म्हणतो. शरीर जंतूशी लढायला निघतं आणि चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतं. नस म्हणजे वायर समजा. वरचं आवरण खराब झालं, म्हणून आतला निरोप पोचत नाहीये."

प्रकाशनी विचारलं, "होते ना बरी?"

"बहुतेक लोक होतात. पण आधी अजून खाली जाईल, मग थांबेल, मग हळूहळू वर येईल. महिने लागतील. धीर धरावा लागेल."

"अजून खाली म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर टाळलं नाही. "श्वासापर्यंत जाऊ शकतं. म्हणून तुम्हाला आयसीयूत ठेवतोय. गेलं, तर मशीन आहे. आणि मशीनवरूनही माणसं परत येतात."

ते गेल्यावर प्रकाश खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला रडायचं होतं, पण डावा डोळा नीट मिटत नव्हता, आणि अर्धं रडणं कसं रडायचं ते मला समजेना.

आकडे

आयसीयूत दिवस-रात्र एकच उजेड असतो. वेळ कळायची ती सिस्टरांच्या पाळ्यांवरून आणि आकड्यांवरून. थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "ताई, म्हणा." मी श्वास भरायची आणि सुरू करायची. रोज थोडं आधी अडकायची.

सासूबाई कुहीजवळच्या गावाहून आल्या. शेतात धान निसवायला, लोंब्या धरायला आलं होतं, ते दिरावर सोपवून आल्या होत्या. भेटायच्या वेळेत आत आल्या आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी आकडे म्हणायला लावले. मी म्हणत होते आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी अडकले. त्यांचे ओठ पुढं दोन आकडे जाऊन थांबले, आणि त्यांनी पटकन पदर तोंडाला लावला.

"उद्या जास्त म्हणशीन," त्या म्हणाल्या. "आज पोटात अन्न नाही तुह्या."

दुसऱ्या दिवशी कमीच झाले. त्याच्या पुढच्या दिवशी तेवढेच राहिले. त्याच्या पुढच्या दिवशीही तेवढेच. शिरेतून चढवायचं महागडं औषध चालू होतं, ते लागू पडलं होतं. श्वासाच्या मशीनच्या उंबऱ्याशी जाऊन मी थांबले होते. डॉक्टर म्हणाले, "आता तळ लागला." तळ लागला या शब्दांनी इतका आनंद होऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवसांतली एक बाई मी विसरणार नाही. वॉर्डात साफसफाई करणारी मावशी होती. हात हलत नसले की माणसाला सगळ्यात जास्त काय छळतं माहीत आहे? नाकाची खाज. मोठ्या दुःखांसाठी डॉक्टर असतात, नाकाच्या खाजेसाठी कुणाला बोलवायचं? ही मावशी फरशी पुसता पुसता माझ्या पलंगाशी आली की हात धुवायची, पुसायची आणि विचारायची, "नाक, कान, डोकं, काई खाजवून देऊ का?" मी डोळ्यांनी दाखवायची. ती बरोबर तिथं खाजवून द्यायची आणि पुढची फरशी पुसायला जायची.

मी काय मशीन आहो का?

घरी आले तेव्हा बोटं जरा हलू लागली होती, चमचा अजून धरता येत नव्हता. पाय पलंगावर ठेवले तिथंच राहायचे. पुढच्या खोलीत आमचा लोखंडी पलंग मांडला, मच्छरदाणीचे दांडे असलेला, आणि शेजारी माझी शिलाई मशीन, झाकून ठेवलेली.

व्यायाम शिकवायला तन्वी मॅडम येऊ लागल्या. वयानं लहान, पण हाताला विलक्षण धीर. आठवड्यातून ठरावीक दिवस त्या यायच्या, बाकीच्या दिवशी व्यायाम घरच्यांनी करून घ्यायचे. पाय उचलायचा, धरायचा, बाजूला न्यायचा, परत आणायचा. मग दुसरा. मग हात.

निर्जीव पाय किती जड असतो हे उचलल्याशिवाय कळत नाही. सासूबाई उचलायच्या आणि धापा टाकायच्या. प्रकाश ऑफिसातून येऊन उचलायचे. त्यांची कंबर धरली. उठताना पलंगाचा दांडा धरून उठायला लागले. मला ते दिसायचं, आणि दिसल्याचा मला राग यायचा. राग मी त्यांच्यावरच काढायची.

एका संध्याकाळी म्हणाले, "आज राहू दे. उद्या दोनदा करू."

मी म्हणाले, "तुम्हाले तं रोजच राहू द्यावं वाटते."

ते उठून उभे राहिले. मग इतक्या मोठ्यानं बोलले की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मीबी माणूसच आहो वं! मी काय मशीन आहो का?"

"ओरडू नको गा तिच्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"मंग कोणावर ओरडू, सांग!"

ते चपला घालून बाहेर गेले. सासूबाईंनी भाताची पेज आणली, चमच्यानं भरवायला लागल्या. मी तोंड फिरवलं. अन्नाचा राग नव्हता. मला एवढंच वाटत होतं की ही दोन माणसं माझ्या पायाखाली चिरडतायत आणि मला तो पाय उचलताही येत नाही.

प्रकाश परत आले ते शांतपणे. हातात केळी होती. एक सोलून माझ्या तोंडाशी धरलं. मी खाल्लं. आमच्यात माफी मागायची पद्धत नाही.

पिवळी पट्टी

दुसऱ्या दिवशी तन्वी मॅडमनी एक पिवळी रबरी पट्टी आणली होती. ती पायाला अडकवून ताणायची. सगळ्यात हलकी, म्हणाल्या. मला ती तसूभर ताणता आली नाही. मॅडमनी पट्टी बाजूला ठेवली, दोन्ही तळव्यांवर माझा पाय अलगद तोलून धरला आणि म्हणाल्या, "आता बाजूला न्या."

पाय गेला. हातभर नाही, वीतभरही नाही, पण गेला. माझा मी नेला.

"बघा," त्या म्हणाल्या. "ताई, तुमचा पाय हलतो. त्याला फक्त स्वतःचं वजन जड होतंय. वजन कुणीतरी धरलं की तो काम करायला तयार आहे."

त्या गेल्या आणि मी वर मच्छरदाणीच्या दांड्यांकडे बघत पडले. कुणीतरी म्हणजे माणूसच कशाला हवा? वरून काहीतरी लवचीक लोंबवलं आणि त्यात पाय ठेवला, तर? दोरीनं पाय नुसता टांगून राहील. पण इलॅस्टिकला टांगला, तर वर-खालीही होईल, बाजूलाही जाईल, आणि त्याचा भार अर्धा माझा, अर्धा इलॅस्टिकचा.

आयुष्यभर मी इलॅस्टिक शिवलं होतं. कमरेचं, बाहीचं, मोज्याचं. कुठलं किती ओढतं हे माझ्या बोटांना माहीत होतं. बोटं तेवढी कामाला येत नव्हती.

संध्याकाळी मी म्हणाले, "अहो, तुम्ही कालच बोलले ना, मशीन आहो का म्हणून. मंग मशीनच बनवू ना."

प्रकाशनी माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तं नाही ना आला तुले?"

मी तन्वी मॅडमना फोन लावायला सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यांत झोळीत पाय टांगून असे व्यायाम घेतात, कल्पना काही वेडी नाही. पण दोन अटी. एक, मी बघितल्याशिवाय पाय घालायचा नाही. दोन, इलॅस्टिक तुटलं तर पाय आपटता कामा नये, म्हणून सोबत न ताणणारा एक मजबूत पट्टा हवाच.

प्रकाश शिवतात

प्रकाश गांधीबागेत गेले, मी नेहमी जिथून माल आणायची त्या गल्लीत. मास्कच्या कानाला लावतात तसं बारीक गोल इलॅस्टिक घेऊन आले.

"याले माझा पाय टांगता का?" मी म्हणाले. "कमरेच्या पट्ट्यात टाकतेत ते रुंद पाहिजे. ताणलं की अरुंद होते ते नाही. ताणलं तरी रुंदी सोडत नाही ते."

पुन्हा गेले. या वेळी बरोबर आणलं. मच्छरदाणीचे दांडे हलके होते, म्हणून ग्रिल बनवणाऱ्याकडून पलंगावर बसेल अशी चौकोनी पाइपची चौकट करून घेतली. दप्तरांच्या पट्ट्याची निवार आणि जाड कॅनव्हास घरातच होतं. उरलं शिवणं. सासूबाईंना सुईत दोरा दिसत नव्हता. म्हणजे प्रकाशच.

मशीनवरचं झाकण निघालं. माझ्या जागेवर माझा नवरा बसला. मी पलंगावरून सांगू लागले.

"आता पाय दाबा. हळू."

मशीन घर्रकन धावली आणि कॅनव्हास एका बाजूला निघून गेलं. ते दोन्ही हात वर करून मागं सरकले. "अवं, हे तं पळून राहिली!"

"तुम्ही पळवून राहिले तिले. पुरा पाय नका ठेवू. अंगठ्यानं दाबा."

सासूबाई दारात बसून पदराआड हसत होत्या. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं. प्रकाशनी सुई मोडली. दुसरी लावायला शिकले. दोरा गुंतला, शिव्या दिल्या, उसवलं, परत शिवलं. झोळी तयार झाली ती एका बाजूनं फुगीर आणि दुसऱ्या बाजूनं चपटी. एरवी असं काम मी कुणाकडून घेतलं नसतं. त्यांनी ती माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "चालते का मालकीणबाई?"

मी म्हणाले, "चालते."

तन्वी मॅडम आल्या. त्यांनी चौकट हलवून पाहिली, पट्ट्याला स्वतः लोंबकळून पाहिलं, मग माझी टाच झोळीत ठेवली. पाय गादीपासून वर तरंगला. मी तो बाजूला नेला. परत आणला. पुन्हा नेला. कुणाचाही हात लागला नव्हता. प्रकाश खुर्चीवर बसून होते, दोन्ही हात मांडीवर, रिकामे.

जास्तीचा हव्यास

आता जे झालं ते मुद्दाम सांगते, कारण ते कुणीही करेल.

मला वाटलं, जितकं जास्त करीन तितकी लवकर उठीन. मॅडमनी थोडं करून थांबायला सांगितलं होतं. प्रकाश ऑफिसात गेले की मी सासूबाईंना म्हणायची, "आई, पाय टाकून द्या ना झोळीत." मग दुपारभर झुलवत राहायची. आणखी वाटलं, झोळी खाली बांधली की इलॅस्टिकचा आधार कमी होईल, पायावर भार वाढेल, ताकद वाढेल. तीही खाली बांधून घेतली.

दोन दिवसांनी सकाळी पाय हललाच नाही. झोळीत ठेवूनही नाही. बोटंही हलेनात. मला वाटलं, आजार उलटला. आता पुन्हा आयसीयू, पुन्हा आकडे. मी ओरडून रडले. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात त्रिशरण म्हणत राहिल्या.

प्रकाशनी लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं. आजार उलटला नव्हता. स्नायू दमले होते. तन्वी मॅडम संध्याकाळी आल्या, रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"ताई, नस नवी उगवतेय. तिला जेवढं झेपतं त्याच्या थोडं आतच राहायचं. या आजारात दमेपर्यंत व्यायाम करायचा नाही. थोडी ताकद शिल्लक ठेवून थांबायचं."

विश्रांती घेतली. पाय परत हलू लागला. पण मला आता भीती बसली होती. झोळीकडे बघायचेही नाही.

प्रकाशच एक दिवस म्हणाले, "मशीनमधेच काई चूक असंन तं? तूच पाह्य एकदा. तुले समजते ते."

मी पाहू लागले. चूक होती. पाय बाजूला नेताना सुरुवातीला हलकं जायचं आणि शेवटी शेवटी इलॅस्टिक कचकन ओढायचं. म्हणजे पायाची ताकद जिथं संपते, नेमकं तिथंच ते सगळ्यात घट्ट. हे तर मला बाहीच्या इलॅस्टिकवरून माहीत होतं. आखूड इलॅस्टिक दंडाला चावतं, लांब इलॅस्टिक कमरेला नुसतं धरून ठेवतं. आखूड तुकडा थोडा ताणला तरी बराच ताणला जातो. लांब तुकड्याला तेवढ्यानं काही होत नाही.

म्हणजे इलॅस्टिक लांब हवं होतं. पण चौकटीची उंची तेवढीच. मग छताला कपडे वाळवायला आम्ही जी दोरी लावली होती तिच्या पुल्या प्रकाशनी काढल्या. झोळीची दोरी वर जाऊन पुलीवरून वळायची, आणि तिला जोडलेलं इलॅस्टिक चौकटीच्या पूर्ण लांबीवर आडवं धावायचं. आता ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखी. भार कमी-जास्त करायचा तर शेजारी दुसरी पट्टी हुकात अडकवायची किंवा काढायची. आणि जास्त जाऊच नये म्हणून एक आखूड पट्टा, जो पायाला ठरल्या जागी थांबवायचा.

तो थांबवणारा पट्टा माझ्या पायापेक्षा माझ्या स्वभावासाठी होता. सासूबाईंना मी सांगून ठेवलं, "मी कितीबी म्हटलं तरी याले हात लावू नका."

"नाई लावत," त्या म्हणाल्या. आणि खरंच कधी लावला नाही, मी कितीही चिडले तरी.

वरचं खाली

हिवाळ्यात एक एक करून वरच्या पट्ट्या निघत गेल्या. बोटं सुधारली, चमचा आला, मग बटण लावता आलं. धानाची कापणी झाली, दिरांनी नव्या तांदळाची गोणी पाठवली. सासूबाईंनी त्याची पेज केली आणि पहिल्यांदा वाटी माझ्या हातात दिली. अर्धी सांडली, अर्धी प्याले.

एक दिवस तन्वी मॅडमनी वरची शेवटची पट्टी काढली. पाय माझा मी उचलला. थरथरत होता, पण वर होता. त्यांनी तीच पट्टी खाली वाकून पलंगाच्या पायथ्याच्या पाइपला अडकवली आणि दुसरं टोक माझ्या घोट्याला बांधलं.

"आता ओढा."

पट्टी तीच होती. कालपर्यंत मला उचलत होती, आज मला खाली ओढत होती आणि मी तिला विरोध करत होते. मला हसू आलं.

उभं राहण्यासाठी चौकटीला पुढं दोन खांब वाढवले. वरून रुंद इलॅस्टिकच्या दोन जोड्या लोंबत्या, त्यांना बुडाखालून जाणारा जाड पट्टा. खुर्चीवरून उठताना तो पट्टा वर खेचायचा, अर्धं वजन घ्यायचा. प्रकाश एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला. दोघांचे हात माझ्या काखेपाशी येऊन थांबले.

"हात लावू नका," तन्वी मॅडम म्हणाल्या. "फक्त उभे राहा."

मी पुढं वाकले. मांड्या पेटल्यासारख्या झाल्या. इलॅस्टिक करकरलं. आणि समोरच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड, जो कितीतरी महिने मला खालून दिसत होता, तो माझ्या डोळ्यांसमोर आला.

सासूबाई म्हणाल्या, "माय वं! मी विसरूनच गेली होती, हे एवढी उंच आहे ते."

अजूनही

सगळं गेलं नाही. डाव्या पायाची बोटं बधिर आहेत, पाऊल जरा ओढतं, बाहेर जाताना काठी घेते. दुपारी थकवा येतो तेव्हा मी लाज न बाळगता झोपते. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतही आमच्या चौकटीचं इलॅस्टिक सैल पडलं, त्याला बारीक चिरा गेल्या. नागपूरचं ऊन रबराला सोडत नाही. आता पट्ट्या वेळेवर बदलतो. कुणी असं काही करणार असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा, आणि जाणत्या फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय कुणाचाही पाय त्यात घालू नका. माझी मशीन माझ्या पायासाठी होती.

मी पुन्हा शिवते. थोडं थोडं. पॅडलवर उजवा पाय ठेवते, आणि तो कुठं आहे ते मला कळतं.

कुहीकडे

सासूबाई गावी परतल्या आणि काही दिवसांनी त्यांचा फोन आला. शेजारच्या गावातली प्रणाली नावाची मुलगी, कॉलेजात शिकणारी, तिला हाच आजार झाला होता. दवाखान्यातून घरी आणलं होतं. पोट्टी कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. "तू येजो एकदा," सासूबाई म्हणाल्या. "तुह्यं ऐकंन ते."

आम्ही चौकटीचे भाग सुटे केले, गाडीवर बांधले आणि गेलो. तिला शिकवणाऱ्या फिजिओंना तन्वी मॅडमनी आधीच फोन करून ठेवला होता, ते तिथं येऊन थांबले होते.

प्रणाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची आई अंगणात गहू निवडत होती. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, पण आत आली नाही. नंतर सासूबाई म्हणाल्या, आत आली की तिला रडू येतं, आणि आई रडली की पोरगी चिडते.

मी पलंगाशी बसले. माझी काठी तिच्या गादीला टेकवली. "मीबी अशीच भिंतीकडे पाहत पडून होती," मी म्हणाले. "तुमच्या भिंतीले रंग तरी चांगला आहे."

मी आणखी जवळ सरकले.

"नाकाले खाज सुटली का?"

तिनं मान हळूच वळवली. डोळ्यांत पाणी होतं, आणि कदाचित थोडं हसू. मी तिचं नाक खाजवून दिलं.

प्रकाशनी चौकट जोडली. आता त्यांना कुणी सांगावं लागत नाही, कुठला हूक कुठं ते. नवी झोळीही त्यांनीच शिवली होती, दोन्ही बाजूंनी सारखी. फिजिओंनी सगळं ओढून, ताणून पाहिलं आणि प्रणालीचा उजवा पाय झोळीत ठेवला. पाय वर तरंगला.

"आता बाजूले ने," मी म्हणाले. "जोर नको लावू. नुसतं मनात आण."

ती छताकडे बघत होती. पाय जागचा हलला. वीतभरही नाही. मग परत आला. मग तिनं खाली पाहिलं, आणि तिच्या पाहण्याखाली तो पुन्हा गेला.

"माय!" ती ओरडली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, असं तिची आई नंतर म्हणाली. "माय, पाय!"

आई गव्हाच्या भुशानं भरलेल्या हातांनी धावत आत आली. चेहरा पांढराफटक. "काय झालं? काय झालं वं पायाले?"

"पायाले काई नाही झालं," प्रणाली म्हणाली. "तू पाह्य ना! मी करून राहिली."